भिंतीवर तारली, ताटात सुरमई: मुंबईतल्या मालवणी हॉटेलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईत मालवणी, कोकणी, आगरी-कोळी जेवण देणाऱ्या हॉटेलांचे आणि खानावळींचे मालक, मॅनेजर व आचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मेनूकार्डावर तारली नसते, त्याबद्दल हे पत्र आहे. घाईत असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. दसऱ्यानंतर तारली ठेवा म्हणजे झालं. पण "तारली? आणि आमच्या हॉटेलात?" असं ज्यांच्या मनात आलं, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं.

मुंबईत मालवणी जेवणाची हॉटेलं वाढली, याचा मला आनंदच आहे. पूर्वी असलं जेवण हवं तर गिरगाव, परळ, दादरची ठरावीक ठिकाणं गाठावी लागत. आता बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठंही सोलकढी मिळते. पण कार्ड उघडलं की सगळीकडे तीच हजेरी: सुरमई, पापलेट, हलवा, बांगडा, कोळंबी, बोंबील, तिसऱ्या, कुर्ल्या. काही ठिकाणी तर 'फिश फ्राय' म्हणून बासा. व्हिएतनामच्या तळ्यात वाढलेला, बर्फात गोठून आलेला बासा तुमच्या तिरफळाच्या रश्शात चालतो आणि वेंगुर्ला-मालवणच्या समुद्रातली तारली चालत नाही, हा हिशेब मला अजून उमगलेला नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या भिंतीवर रापणीचा मोठा फोटो असतो. किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसं दोर ओढताहेत आणि मधल्या जाळ्यात मासळी उसळते आहे. टेबल मिळायची वाट बघत उभं राहावं लागतं तेव्हा मी तो फोटो नीट बघतो. त्या जाळ्यात सुरमई दिसत नाही, असलीच तर एखादी वाट चुकून आलेली. जे चमकत असतं ते पेडवे, तारली, फार तर बांगडे. रापण लागली की ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळायचा, आणि त्या वाट्यातही हेच मासे असायचे. म्हणजे भिंतीवर तारली आणि ताटात सुरमई.

नव्या पिढीच्या मॅनेजरांसाठी माशाची थोडी ओळख करून देतो. तारली म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याची सार्डिन. केरळात तिला मत्ती किंवा चाळा म्हणतात, मंगळूरकडे भुताई. शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. वीतभर लांब, अंगानं गोलसर, पाठ निळसर हिरवी, कुशी चांदीच्या आणि त्यावर सोनेरी झाक. कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला एक काळा ठिपका. पोटाच्या कडेला टोकदार खवल्यांची ओळ असते, तिच्यावरून उलटं बोट फिरवलं तर ती लागते. पेडवे हे तिचे लहान जातभाई, अंगानं जास्त चपटे आणि काट्यांनी जास्त भरलेले. बाजारात दोन्ही एकाच टोपलीत मिसळलेले असतात, पण घेणाऱ्याला फरक कळतो.

तारलीचं आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचं. वर्षाची होईतो ती अंड्यावर येते. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनी समुद्राच्या तळचं थंड, कसदार पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि तारली तोंड उघडं ठेवून पोहत कल्ल्यांतल्या बारीक दातऱ्यांनी त्या गाळून खाते. अंडी घालण्याचा हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. पाऊस ओसरला की ती अंगात चरबी धरू लागते. म्हणूनच दसरा-दिवाळीच्या सुमाराची तारली तव्यावर टाकली की वरून तेल फारसं लागत नाही, ती स्वतःचंच सोडते. हीच तारली उन्हाळ्यात खाल्ली तर कोरडी लागेल आणि तुम्ही म्हणाल, कशाला एवढं कौतुक. हंगाम पाळायचा तो एवढ्यासाठी.

हे तेल जुन्या काळी फार मोलाचं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याच्या सर फ्रेडरिक निकल्सन यांनी मलबारच्या किनाऱ्यावर तारली उकडून तेल काढायच्या कामाला शिस्त लावली. तेल कारखान्यांना जायचं आणि उरलेला चोथा खत म्हणून मळ्यांना. त्याच मलबारात १९४० च्या दशकात तारली इतकी कमी झाली की किनारेच्या किनारे रिकामे पडले. या माशाचा स्वभावच तसा आहे, त्याच्याकडे मी पुढं येतो.

आधी खऱ्या अडचणीबद्दल बोलू. तारली गरिबाचा मासा म्हणून ओळखली जाते आणि हॉटेलात माणूस येतो तो गरिबाचं खायला नाही, असं तुम्हाला वाटतं. तोंडावर कोणी बोलत नाही, पण कारण हेच आहे. गिरणगावात ज्या बाया एका खोलीत चुली पेटवून गिरणी कामगारांना जेवू घालायच्या, त्यांच्या खानावळीत परवडेल तो मासा असायचा: बांगडा, तारली, आणि पावसाळ्यात सुकट. त्याच बायांना एकत्र करून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, खानावळी आटल्या. तुमचा धंदा त्या खानावळींच्याच चवीवर उभा आहे. वाटण त्यांचं, आमसुलाचा अंदाज त्यांचा. मग मासा तेवढा कसा वगळलात?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मध्य मुंबईतलं एक चांगलं चालणारं हॉटेल, नाव घेत नाही. वेटरला विचारलं, तारली आहे का? तो म्हणाला, "नाही ठेवत साहेब, आपल्याकडे फॅमिली पब्लिक येतं." ठीक आहे म्हटलं, बांगडा खाल्ला. चांगला होता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला हात धुवायला मागं गेलो तर भटारखान्याचं दार उघडं होतं. आत आचारी, दोन वेटर आणि भांडी घासणारा मुलगा उलट्या क्रेटवर बसून जेवत होते. मधे ॲल्युमिनियमचं पसरट टोप आणि त्यात तारलीचं तिखलं. लालभडक, घट्ट, रस्सा म्हणावा इतकं पातळ नाही. वर कच्च्या खोबरेल तेलाचा तवंग आणि त्यात पाच-सहा तिरफळं. मला बघून आचारी ओशाळल्यासारखा हसला. "हे आमच्यापुरतं असतं," म्हणाला. मी तिथून हललो नाही, तेव्हा त्यानं एका वाटीत दोन तारल्या आणि थोडं तिखलं दिलं, वर भाकरीचा तुकडा. तारली शेपटीकडून धरली आणि दातांनी अलगद ओढली तर मधला काटा अख्खा बाहेर आला. तिखट आधी ओठांना लागलं, आमसूल मागून आलं, आणि तिरफळानं जीभ हलकी बधिर झाली. बाहेर मी पैसे देऊन जे खाल्लं होतं त्याहून हे सरस होतं. पैसे घ्या म्हटलं तर घेईनात. कशाचे लावायचे, कार्डावर तर नाही.

म्हणजे तुमच्या आचाऱ्याला ती करता येते, भटारखान्यात ती शिजते, तुमची माणसं ती आवडीनं खातात. गिऱ्हाइकापुढं तेवढी आणायची नाही.

आता वासाचं. "तारलीला वास येतो," हे मी शंभरदा ऐकलंय. ताज्या तारलीला समुद्राचा वास येतो, बस. जो वास तुम्हाला नको असतो तो शिळेपणाचा, आणि तारलीत तो लवकर येतो हे मात्र खरं. तिच्या चरबीतली स्निग्धाम्लं हवेशी चटकन संयोग पावतात आणि खवट होतात. दुसरं म्हणजे पोटभर खाल्लेली तारली पकडली गेली की तिच्या आतड्यातले पाचक रस मेल्यावरही काम करत राहतात आणि पोटाची पातळ भिंत आतून पोखरतात. बाजारात पोट फुटलेल्या तारल्या दिसतात त्या यामुळे. कोळीण कितीही शपथा घेवो, पोट फुटलेली तारली घेऊ नये. डोळा स्वच्छ, कल्ला लाल, पोट घट्ट, खवले अंगाला धरून, एवढं बघितलं की पुरे.

तिसरी गोष्ट तुम्ही धंदेवाईक म्हणून लक्षात ठेवायलाच हवी. तारली, बांगडा, कुप्पा (म्हणजे ट्यूना) हे मासे बर्फाविना तासन् तास पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, आणि तो म्हणतो मला मासा बाधला. यावर इलाज एकच, बर्फ. जेवढा मासा तेवढाच बर्फ, पकडल्यापासून कापेपर्यंत. घरच्या माणसाला हे जमणं कठीण. सकाळी मंडईतून पिशवीत घातलेली तारली लोकलनं विरारला जाईस्तोवर काय व्हायचं ते होतं. तुमच्याकडे मात्र टेम्पो आहे, थर्माकोलच्या पेट्या आहेत, डीप फ्रीज आहे. पहाटे ससून डॉक नाहीतर भाऊच्या धक्क्यावर तुमचा माणूस उभाच असतो. म्हणजे या शहरात ताजी तारली नीट खाऊ घालू शकेल असा कोणी असेल तर तो तुम्हीच, आणि तुम्हीच ती घेत नाही.

काट्यांचं दुखणं त्यापेक्षा सोपं आहे. तळायची असेल तर दोन्ही कुशींना आडव्या, जवळजवळ चिरा द्याव्यात. बारीक काटे तुटतात आणि तेलात कुरकुरीत होतात. मधला जाड काटा तेवढा काढायचा. मीठ, हळद, तिखट, आमसुलाचं आगळ, वर तांदळाचं पीठ. रवा लावू नका, रवा तिचं तेल पितो. सार किंवा तिखलं करायचं तर मंद आचेवर, झाकण ठेवून, आणि ढवळायचं नाही, टोप दोन हातांनी धरून हलवायचं. काही जण कुकरला लावून काटे पार विरघळवतात. मला ते आवडत नाही, पण लहान मुलांसाठी आणि कवळी लावलेल्या आजोबांसाठी बरं आहे. मऊ पडलेले काटे पोटात गेले तर कॅल्शियमच मिळतं.

पोषणाचं थोडक्यात सांगतो, कारण हल्ली तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक हे विचारतं. प्रथिनं भरपूर, ब१२ आणि ड जीवनसत्त्व आहे, आणि ओमेगा-३ तर आहेच. हृदयविकार टाळायला आठवड्यातून दोनदा मासा खावा, तोही तेलकट, असं अमेरिकेतली हृदयरोग संघटना सांगते. आमच्या इमारतीत निम्म्या घरांत फिश ऑइलच्या कॅप्सूलच्या बाटल्या आहेत. ते तेल मुख्यतः असल्याच लहान, तेलकट माशांचं असतं. शिवाय तारली वनस्पतींच्या जवळचा चारा खाते आणि थोडं जगते, म्हणून मोठ्या शिकारी माशांत साठतो तसा पारा तिच्यात साठत नाही. वांद्र्याच्या दुकानांत पोर्तुगाल-स्पेनच्या सार्डिनचे रंगीत डबे मांडलेले असतात. ती वेगळी जात आहे, अटलांटिकची. एका डब्याच्या पैशात ताज्या तारलीची पिशवी भरेल. लोक ते डबे हौसेनं उघडून फोटो काढतात. म्हणजे सार्डिन खायला आपल्या लोकांची हरकत नाही, फक्त ती बोटीनं यायला हवी.

आता समुद्राकडे येतो. मला खरं तर याच्यासाठी पत्र लिहावंसं वाटलं.

तुम्ही सगळे मिळून चार-पाच माशांच्या मागे लागलात की ते मासे लहान-लहान होत ताटात येतात. सुरमई अंड्यावर यायला साधारण ७० सेंटीमीटरची व्हावी लागते. तुमच्या थाळीत अख्खी उभी कापून येते ती सुरमई केवढी असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पापलेट कमी होत चाललं म्हणून सरकारनं २०२३ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान दिला. मान मिळाला, पण कार्डावरची त्याची जागा तशीच आहे आणि आकार मात्र तळहाताएवढा झालाय.

दुसऱ्या बाजूला तारली पकडली जातेच आहे. ती तुमच्याकडे येत नाही म्हणून समुद्रात राहते असं नाही. तिचा मोठा भाग पश्चिम किनाऱ्यावरच्या फिशमीलच्या कारखान्यांत जातो. चार-पाच किलो ओला मासा वाळवून, दळून एक किलो कुटी होते. ती कुटी कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. तळ्यातली व्हेनामी कोळंबी ज्या खाद्यावर वाढते त्यात ही कुटी असते. तुमच्या कार्डावर 'कोळंबी फ्राय' आहे, ती तळ्यातली असेल तर तारली तुमच्या हॉटेलात येतेच आहे, फक्त कोळंबीच्या पोटातून. माणसानं थेट खाण्यासारखा मासा आधी दळायचा, मग दुसऱ्याला चारायचा, मग तो दुसरा महाग विकायचा, यात मासेमाराच्या हातात काय पडतं ते मालवणच्या किनाऱ्यावर विचारा. कुटीला जाणाऱ्या मासळीचा भाव आणि खाण्याच्या मासळीचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. खाणारा वाढला तर तो भाव सुधारतो. आणि खाणारा मुंबईत तुमच्याशिवाय कोण वाढवणार?

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनी तारली खायला सुरुवात केली तर तीही संपेल. शंका रास्त आहे. या माशाचा भरवसा नसतो हे मघाशी म्हटलंच. केरळात २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात तारली मिळाली आणि २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आहेत. पुढच्या दोन वर्षांत ती पुन्हा लाखावर गेली. समुद्राचं तापमान, एल निनो, पाऊस, चाऱ्याची उपलब्धता, शिवाय लहान पिलांची बेसुमार मासेमारी, असं बरंच काही यात गुंतलेलं आहे. केरळनं १० सेंटीमीटरपेक्षा लहान तारली पकडायला बंदी घातली ती त्यामुळेच. आणखी एक गंमत म्हणजे ही जात पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाच्या पाण्यात, १४ अंश उत्तर अक्षांशाच्या खाली असायची. समुद्र तापू लागला तशी १९८० च्या दशकानंतर ती उत्तरेकडे सरकत वीस अक्षांशापर्यंत, म्हणजे आपल्या डहाणूच्या पातळीपर्यंत येऊ लागल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलंय. ती आपल्याकडे चालत येते आहे आणि आपण ओळख दाखवत नाही.

पर्ससीनवाले (अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं वापरणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद मी इथं काढत नाही. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण मिटलेलं नाही, आणि ते एका पत्रात मिटायचंही नाही. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे. घेताना विचारा, कुठल्या जाळ्याची आहे. रापणीची किंवा गिलनेटची (मासा कल्ल्यात अडकतो त्या जाळ्याची) असेल तर दोन पैसे जास्त द्या. आणि बोटाएवढी पिलं कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

माझी मागणी साधी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, तेव्हा तारलीचं नाव काढू नका. त्या दोन महिन्यांत कोणी ताजी म्हणून विकली तर ती ताजी असण्याची शक्यता कमीच. नारळी पौर्णिमा जाऊ दे, गणपती जाऊ देत. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आठवड्यातले दोन दिवस, बुधवार आणि शुक्रवार धरा, तारली ठेवा. रविवार मुद्दाम सोडला, कारण रविवारी तुमच्याकडे गर्दी इतकी असते की कोणाला चिरा द्यायला वेळ होणार नाही. पहिल्या महिन्यात तळलेली आणि तिखलं, दोनच प्रकार. 'तारली तंदुरी', 'तारली चिली' असले उद्योग नकोत. थाळीत द्यायची तर सुरमईच्या थाळीच्या निम्म्या भावात द्या. तेवढ्यातही तुमचं सुटतं, हे तुम्ही नाही म्हणालात तरी मला ठाऊक आहे. आणि ज्या दिवशी चांगली मिळाली नाही त्या दिवशी सरळ सांगा, आज नाही. मासळीच्या हॉटेलात 'आज नाही' ऐकलं की माझा विश्वास वाढतो. जिथं बारमाही सगळं असतं तिथं फ्रीज मोठा असतो, दुसरं काही नाही.

वेटरांना तेवढं शिकवा. गिऱ्हाईक "फ्रेश काय आहे?" विचारतं तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप सुरमई-पापलेट निघतं, कारण बिल मोठं होतं. त्यानं एकदा तरी "तारली आलीय, तेल भरलेली आहे, बघा" म्हणून पाहावं. दहा जण नाक मुरडतील. अकरावा सावंतवाडीचा, कारवारचा नाहीतर कासरगोडचा निघेल आणि भाकरी वाढवून मागेल. फोर्टातल्या केरळी हॉटेलांत मत्ती फ्राय मागायला दुपारी लोक उभे असतात, ते काही सगळे मल्याळी नसतात.

छापील कार्ड बदलायचा खर्च नको असेल तर दारातल्या फळ्यावर लिहा. मी ऑक्टोबरमध्ये बुधवारी येईन, दोनच्या आधी, आणि फळा बघून आत शिरेन.

आपला,
परळचा एक नेहमीचा गिऱ्हाईक

ता. क. युरिक ॲसिड वाढलेल्यांना तारली जपून द्यावी लागते, तिच्यात युरिक ॲसिड वाढवणारं प्युरीन बरंच असतं. फळ्यावर हे लिहायची गरज नाही, पण कोणी पाय धरून लंगडत आला आणि तीन प्लेट मागवू लागला तर वेटरनं एक शब्द टाकायला हरकत नाही.